वणीचा शेंदूर, जवसाचं तेल

मी, भिमाजी बहिरू विधाते, वय ७१, धंदा पूर्वी फुलशेती व पाट्या रंगवणे, राहणार इंदिरानगर, नाशिक, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली न येता लिहून ठेवतो. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला ते लागत नाहीत.

१. राहतं घर माझ्यामागे पत्नी आक्काबाईला तहहयात, नंतर मुलगा ज्ञानेश याला. मखमलाबादची वीस गुंठे गुलाबाची जमीनही ज्ञानेशलाच, मात्र विहिरीवरचा आंबा तोडू नये.

२. मित्र झुंबर तिडके यास काही देत नाही. तो साक्षीदार आहे. शिवाय मी रंगवलेल्या सप्तशृंगीला सतराच हात आहेत असं त्याने गावभर सांगितलं होतं. अठरावा हात पदरामागे आहे. भाविकाला तो न बघता कळतो.

३. ब्रश व रंगांची पेटी पाट्या रंगवणाऱ्या कोणाही गरजूस द्यावी.

४. सप्तशृंगीचं तैलचित्र सून भाग्यश्री हिला. याचं कारण सविस्तर लिहितो.

हे चित्र मी १९९६च्या चैत्रात पुरं केलं. मार्कंडेय ऋषींचं ऐकायला देवीने मान कलती केलीय, ती कलती मान जमायला मला तीन महिने लागले. रंगाचा दुकानदार म्हणत होता, "नाना, नळीतला तांबडा घ्या, टिकंल." मी ऐकलं नाही. भक्ती नुसती हातात असून चालत नाही, डब्यातही हवी, असं माझं मत. वणीहून शेंदूर आणला, जवसाच्या तेलात घोटला आणि देवीला लावला. वैशाखात भाग्यश्री सून म्हणून घरात आली. दिवाळीपर्यंत देवीचा चेहरा काळवंडला.

आक्काबाई पाहुण्यांदेखत म्हणाली, "हिचा पाय लागला आन् देवी कोपली." तेव्हापासून नऊ वर्षं भाग्यश्रीने देवघरातला दिवा लावलेला नाही. घटस्थापनेला ती दाराबाहेर बसते.

त्याच दिवाळीत दुकानदाराने मला सांगितलं होतं की शेंदरात शिसं असतं, ते काळं पडतं. मी गप्प बसलो. चुकला तो चित्रकार, भोगलं तिने. मला याची लाज वाटते. हे कलम माझ्या दहाव्याला सर्वांसमोर मोठ्याने वाचावं.

दुरुस्ती, त्याच दिवशी दुपारी: सही करायला आलेला झुंबर वरचं वाचून म्हणाला, "भिमा, मेल्यावर खरं बोलायला काय लागतं? आत्ता वाच की." मी सगळ्यांना बसवून वाचलं. आक्काबाई खाली मान घालून बसली. भाग्यश्रीने एवढंच विचारलं, "नाना, पहिल्या दिवाळीपासून ठाऊक होतं?" मी हो म्हणालो. तिने चित्र घ्यायला नकार दिला. म्हणाली, "तुमच्या दोघांच्या पलंगासमोर लावा. रोज दिसू द्या."

सबब कलम ४ रद्द. चित्र आमच्या खोलीत, पलंगासमोर लागले आहे. आम्हा दोघांपैकी एक जण हयात असेतो ते तिथून हलवू नये. त्यानंतर त्याचं काय करायचं ते भाग्यश्री ठरवील. खोडलेल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

ठिकाण: इंदिरानगर, नाशिक
दिनांक: १८ सप्टेंबर २००५

लिहून देणार: भिमाजी बहिरू विधाते

साक्षीदार:
१) झुंबर भिका तिडके (हात अजून सतराच)
२) योगिनी महेश कुलथे, शेजारी