सासऱ्यांनी धुतलेला कोळसा

ती. मामींना,

अगदी खाली वाकून नमस्कार. (कोळशाची पोती उचलून उचलून माझी कंबर धरली होती, ती कालपासून वाकायला लागली आहे. मधले राहिलेले नमस्कारही यातच धरून घ्या.) मामांचा खोकला कसा आहे? चहात साखर चोरून घालणं चालूच आहे, की तुम्ही आता डबाच लपवून ठेवलात? आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत, आणि हे मी पद्धत म्हणून लिहीत नाही. तळं वाचलं, मामी! काल ऑफिसातून घरी येताना मी रस्ताभर शीळ घालत आले, आणि शीळ मला येत नाही.

तळं म्हणजे आमच्या गल्लीच्या टोकाला, बसडेपोच्या मागे आहे ते. (मागच्या खेपेला तुम्ही नाकाला रुमाल लावून ज्याला डबकं म्हणालात, तेच.) पाऊस पडला की डेपोच्या आवारातलं तेल, टायरांची झीज, ब्रेकची भुकटी, बस धुतल्याचा साबण असं सगळं गटारातून थेट तळ्यात. तिथे शेवाळ माजलं, वास सुटला, तक्रारी झाल्या, आणि वरून हुकूम आला की या पावसाळ्यात गटाराचं पाणी तपासणीत पास झालं नाही, तर तळं बुजवून बसगाड्या उभ्या करायला जागा करायची. नगरपालिकेत पावसाच्या पाण्याचं खातं माझ्याकडे, म्हणजे हे काम माझ्याच गळ्यात. पण खरी काळजी मला आमच्या सासऱ्यांची होती. सासूबाई गेल्यापासून ते सकाळी थर्मास घेऊन तळ्यावर जातात, जेवायला येतात, पुन्हा जातात. घरात बोलणं म्हणजे हो, नाही आणि बरं. (जन्मभर बस चालवली, सगळे शब्द बहुतेक आडव्या येणाऱ्या रिक्षांवर खर्च झाले.) तिथे मात्र बदकांशी काहीतरी बोलतात, मी लांबून ओठ हलताना पाहिले आहेत. तळं गेलं तर हा माणूस बसणार कुठे? आमच्या बाहेरच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून.

म्हणून मी कोळसा करायला घेतला. हसू नका. बागेतल्या छाटलेल्या फांद्या बंद पिंपात, हवा जवळजवळ न देता भाजायच्या. जो कोळसा होतो त्याला अंगभर बारीक भोकं असतात. तो लोखंडाचा क्षार विरघळवलेल्या पाण्यात भिजवायचा, पुन्हा भाजायचा, आणि जाळीच्या पिशव्यांत भरून गटाराच्या तोंडाशी बसवायचा. पाणी त्यातून गेलं की जस्त, तांबं आणि शेवाळाला पोसणारं फॉस्फेट त्या भोकांत अडकून राहतं. पण आधी तो धुवावा लागतो, नाहीतर पहिल्या पाण्याला नुसती शाई निघते. ऑफिसच्या नळाला धार नाही, तो रडतो. म्हणून पिशव्या घरी आणल्या. तेवढ्यात साहेबांनी मीटिंगला बोलावलं, आणि मी सासऱ्यांना म्हटलं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत एवढं धुऊन ठेवाल का? ते बरं म्हणाले.

आता ज्या माणसाची बस डेपोत सगळ्यांत चकचकीत असायची, त्याला धुणं म्हणजे काय वाटणार? त्यांनी पिशव्या आमच्या कपड्यांच्या मशीनमध्ये घातल्या, भरपूर पावडर ओतली, आणि शेवटी गुलाबाच्या वासाचं ते कपडे मऊ करायचं औषधही. मी आले तेव्हा पिशव्या दोरीवर ओळीने वाळत होत्या. मला वाटलं, काय मायेने केलंय! वास आला, पण मी तो आमच्या चादरींचा समजले. (मशीन अजून खोकतंय. यांनी, म्हणजे तुमच्या जावईबापूंनी, दोन दिवस करडे बनियन घातले आणि रंग आवडला म्हणाले.)

तपासणीच्या दिवशी मोठे साहेब छत्री घेऊन गटाराशी उभे. पाऊस कोसळला, डेपोचं पाणी धावत आलं, पिशव्यांत शिरलं, आणि मामी, फेस! जाळीतून वर आला, साहेबांच्या बुटांवरून पोटऱ्यांपर्यंत चढला, आणि सगळ्या डेपोला गुलाबाचा घमघमाट सुटला. कंडक्टर लोक खिडक्यांतून टाळ्या वाजवत होते. जे फॉस्फेट आम्ही काढणार होतो, ते कपड्यांच्या पावडरीतून आम्हीच भरून आणलं होतं! तेवढ्यात मागून सासरे पुढे आले. "साहेब, पावडर मी घातली. सूनबाईला एक शब्द बोलायचा नाही. तिने रात्रंदिवस राबून हे केलंय. बोलायचं ते मला बोला." एका दमात एवढी वाक्यं मी त्यांच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकली, आणि तिथेच, फेसात उभी राहून, रडले. साहेबांनी आधी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग आम्हा दोघांकडे, आणि त्यांना असं हसू फुटलं की छत्री मिटली. हसता हसता नाही म्हणणं कठीण असतं. पुढच्या पावसापर्यंत मुदत मिळाली.

त्या कोळशाची भोकं पावडरीनेच भरून गेली होती, म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. या वेळी आम्ही दोघांनी अंगणात, नुसत्या पाण्याने धुतलं, आणि पावडरीचा डबा मी शेजारणीकडे ठेवायला दिला. परवा पाऊस झाला आणि काल प्रयोगशाळेचा निकाल आला. जस्त, तांबं, फॉस्फेट, सगळं मर्यादेत. तळं राहणार, असं साहेबांनी सही करून दिलं. मी किती हलकी झाले आहे ते लिहून सांगता येत नाही.

मामांना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमची भाची

ता. क. खरं म्हणजे पत्र याचसाठी लिहिलं. तळं वाचलं, पण सासरे आता तिकडे फिरकत नाहीत. मशीनसमोर खुर्ची टाकून बसतात आणि कोळसा, पावडर, गटारं, साहेब यांवर दिवसभर बोलतात. मी आंघोळीला गेले तर दाराबाहेरून बोलतात. मामांना पत्त्यांना भिडू हवाच असतो ना? महिनाभर तुमच्याकडे बोलवून घ्या. आमंत्रण तुम्हाला आपणहून सुचलं असं दाखवा.

ता. क. २. त्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं. रागावले नाहीत. येतो म्हणाले, फक्त तुमच्या घरासमोरच्या गटाराचा उतार कोणत्या बाजूला आहे ते कळवा म्हणाले.

ता. क. ३. पत्र टाकायचं राहिलं, ते बरंच झालं. बोलावू नका. आज सकाळी ते थर्मास घेऊन तळ्यावर गेले, आणि घर इतकं गप्प झालं की भाजी अर्धी चिरून मीच त्यांना बोलवायला गेले.