थरथर आहे

१६ जानेवारी २०१९, रामवाडी, पेण
वीस वर्षांपूर्वी आमच्या मेट्रन म्हणाल्या होत्या, "डोळे फसतात, आधी हात लावा." आज या शुश्रूषागृहात रुजू झाले आणि ते आठवून हसू आलं. नऊच पेशंट, खिडकीत ऊन. मुख्य नर्स अजीजा सिस्टरनी चहा दिला, तक्ता दिला. जोहे गावच्या कृष्णाबाई सोमवार-गुरुवार डायलिसिसला रोह्याला जातात. सुई टोचायला त्यांच्या डाव्या हातात शीर आणि धमनी जोडून फिस्टुला केलाय. रोज सकाळी तिथे बोटं ठेवायची. मांजर गुरगुरावं तशी थरथर लागली की तक्त्यावर खूण. नाही लागली तर लगेच फोन. त्या हातावर घट्ट काही नको.

२१ जानेवारी
रोह्याहून परतल्यावर हळदीकुंकू. बायजा कासारीण आली. एकाच हातात बांगड्या भरा म्हटलं, तर कृष्णाबाई उसळल्या, "अर्धी विधवा करतेस व्हय गो मला? म्हातारा जिता हाय अजून!" सगळ्या हसल्या. मीही. डावा हातही भरला, कोपरापर्यंत, घट्ट.

२२ जानेवारी
सणाचा चुडा उतरवू देईनात. बांगड्यांखाली बोटं जाईनात. कालपर्यंत तर लागत होती. खूण केली.

२३ जानेवारी
खूण केली.

२४ जानेवारी
रोह्याहून फोन. फिस्टुला बंद पडलाय, रक्त गोठलंय. अजीजा सिस्टरनी तक्ता वाचून ठणकावलं, आमच्याकडे कालपर्यंत थरथर होती. मी शेजारीच उभी होते. तिकडे कृष्णाबाईंच्या मानेत डायलिसिससाठी नळी घातली.

३० जानेवारी
नळीतून जंतू शिरून ताप भरला. कृष्णाबाई गेल्या.
त्यांचे यजमान हैबतराव आले होते. माझे हात धरून म्हणाले, तुमी रोज हात लावून बगत व्हतात, तक्त्यात पायलं मी. उपकार झाले.

१ फेब्रुवारी
सकाळी वेणी घालताना माझ्या डाव्या मनगटात गुरगुर. अजीजा सिस्टरनी बोटं ठेवली. काही लागत नाही म्हणाल्या.

३ फेब्रुवारी
कृष्णाबाईंच्या नावापुढे आजची खूण. माझ्याच हातची. मी केली नाही —

४ फेब्रुवारी
गुरगुर कोपरापर्यंत चढली. कातडीवर गोल वळ — एकाखाली एक —

५ फेब्रुवारी
तक्ता घेऊन अजीजा सिस्टरसमोर उभी राहिले. तसाच परत खुंटीला लावला. हैबतरावांकडे जाईन, पाया पडून सांगेन — आज नाही — उद्या —
कृष्णाबाई, ही थरथर तुमची आहे. परत घ्या. नाही म्हणाल, ठाऊक आहे, पण एकदाच हात पुढे —