डाव्या गार्डच्या हवाली

मी, कावेरी निनाद बिवलकर, वय चौतीस, राहणार शारजा, दुबई सिलिकॉन ओएसिसमधील एका कंपनीत चिप-तपासणी अभियंता, हे मृत्युपत्र स्वतः लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. हृदयाची एक झडप शाबूत नाही, हेही त्यांनीच लिहून दिले आहे. पुढच्या आठवड्यात तिची शस्त्रक्रिया आहे. धोका कमी आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि उरलेल्या भागाची सोय करणे हाच माझा व्यवसाय आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. मी ज्याच्यावर आणते आहे, त्याचे नाव कलम ३ मध्ये येईल.

कलम १. माझे पती निनाद दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या मागे माझ्या नावावर आलेला पुण्याचा फ्लॅट, येथील बँकेतील शिल्लक आणि कंपनीकडून मिळणारी रक्कम माझी मुलगी रेवा, वय नऊ, हिची. ती सज्ञान होईपर्यंत त्यातून फक्त तिचाच खर्च व्हावा.

कलम २. घरातले सोल्डरिंगचे सामान आणि मोजमापाची उपकरणे माझी सहकारी दर्शना हिला द्यावीत. तिने ती आधीच विचारून ठेवली आहेत. लाजली नाही, हे मला आवडले.

कलम ३. रेवाचा पालक म्हणून मी माझा थोरला भाऊ सुदेश दगडू साळवी याची नेमणूक करते. तो खोर फक्कान बंदरात जहाजावरचे कंटेनर बांधण्याचे काम करतो आणि त्याचे शिक्षण बारावी आहे. या निवडीला हरकत घेतली जाईल, म्हणून कारणे देते.

सुदेश आठ वर्षे येथील एका हौशी संघात अमेरिकन फुटबॉल खेळला. त्याची जागा डाव्या गार्डची. या खेळात चेंडू फेकणारा मागे उभा असतो आणि त्याच्यापुढे पाच जणांची ओळ असते; गार्ड त्यांतलाच एक. समोरून धावून येणाऱ्यांना त्या पाचांनी अडवायचे. चेंडू त्यांच्याकडे येत नाही. ते गुण करत नाहीत. आठ वर्षांत सुदेशचे नाव गुणफलकावर एकदाही आले नाही.

तो मूळचा कबड्डीचा. चिपळूणकडे त्याची घोट्याची पकड प्रसिद्ध होती, आणि शारजाच्या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात त्याने तीच लावली. समोरचा गडी आडवा झाला. पंचाने पिवळे फडके काढून सुदेशच्या पायाशी टाकले. आमच्याकडे चांगल्या पकडीवर लोक टोप्या उडवतात. सुदेशने फडके उचलले, झटकले, घडी घातली आणि पंचाला दोन्ही हातांनी परत दिले. "थँक्यू सर," म्हणाला. पुढच्याच डावात आणखी जोरात घोटा धरला. दुसरे फडके पडले. ते उचलायला तो वाकला, तेव्हा चेंडू फेकणारा अन्वर ओरडला, "हबीबी, वो शाबाशी नहीं है! पेनल्टी है! पकड मत!"

"पकडू नको तर थांबवू कसा?"

"सामने खडा रह!"

ज्या हातांची सगळी हुशारी धरण्यात होती, त्यांना न धरायला शिकवायचे होते. ते सुदेशने त्यांना शिकवले. तळवे उघडे, कोपर अंगालगत, पाय हलते; समोरचा जाईल तिकडे आपण आधी. बंदरातली पाळी संपवून, मधला डोंगर ओलांडून तो शारजाला सरावाला येत असे. वजनाने तो ओळीत सर्वांत हलका होता. तरी दुसऱ्या हंगामापासून गुडघा जाईपर्यंत ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली नाही.

मी पहिल्यांदा सामना बघायला गेले तेव्हा कुठे बघावे ते कळेना. विचारले, तर म्हणाला, "कावे, चेंडूकडे बघू नकोस. माझ्याकडेही नको. शेवटी अन्वरचे कपडे बघ. पांढरे राहिले असतील तर माझं काम झालं."

माझेही काम याच जातीचे आहे. चिप तयार होण्याआधी तिच्यातले दोष शोधायचे. नीट केले तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीबद्दल कोणी आभार मानत नाही. म्हणून मी पूर्ण जबाबदारीने लिहिते की सुदेशइतके उत्तम काम करणारा माणूस मी पाहिलेला नाही.

आता मुद्दा. निनाद गेल्यानंतर त्यांच्या थोरल्या बहीण सुचित्राताई पुण्याहून आल्या. दिवसकार्य आटोपल्यावर त्यांनी रेवाची बॅग भरली आणि तिचा पासपोर्ट पर्समध्ये ठेवला. मी आत झोपले आहे असा त्यांचा समज होता. मी जागी होते. उठण्याची ताकद नव्हती. दार किलकिले होते. बाहेरच्या दाराशी सुदेश उभा होता.

"बाजूला व्हा. मुलीला मी नेतेय. कावेरीच्यानं काही व्हायचं नाही आता."

"होतो ताई. आधी रेवाला विचारू."

"सात वर्षांच्या पोरीला काय विचारायचं?"

"मग तिच्या आईला विचारू. ती उठेपर्यंत चहा घ्या."

ताई डावीकडे सरकल्या. तो आधीच डावीकडे होता. उजवीकडे सरकल्या, तर तिकडेही होता.

"मला हात लावायचं काम नाही, सांगून ठेवते!"

"नाही लावत ताई," तो तळवे दाखवत म्हणाला. "आमच्यात नियमच आहे तसा."

आवाज चढला नाही, हात उठला नाही. शेवटी ताईंनी चहा घेतला. संध्याकाळी पासपोर्ट माझ्या कपाटात परत होता. त्या आठवड्यात सुदेशने शारजात खोली घेतली. तेव्हापासून तो रोज उलट्या दिशेने डोंगर ओलांडून कामावर जातो. मला सावरायला दीड वर्ष लागले. त्या काळात त्याने मला एकदाही "ऊठ" म्हटले नाही.

सुदेशने अद्याप होकार दिलेला नाही. मसुदा त्याला वाचून दाखवला तेव्हा म्हणाला, "मी कंटेनर बांधतो गं. तिला इंग्लिशमधून गणित कोण शिकवणार?"

"ते ती स्वतः करते, दादा."

"ताईंचं घर मोठं आहे. मी काय देणार तिला?"

मी उत्तर देण्याआधी रेवाने टॅबलेटवरून मान वर केली. "मामा, यू आर ऑलरेडी अ गार्ड, ना? गार्डियन इज जस्ट अ प्रमोशन."

सुदेश हसला नाही. कागद घेऊन गॅलरीत गेला. त्याच्या सहीची जागा मी खाली रिकामी सोडली आहे. ती रिकामीच राहिली तर पालकत्व सुचित्राताईंकडे जावे. मला ते नको आहे, हे येथे नोंदवते.

कलम ४. माझ्या कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत एक पांढरी जर्सी आहे. सुदेशच्या शेवटच्या सामन्यानंतर अन्वरने ती अंगातून काढून त्याला दिली. म्हणाला, "ये तेरी है भाई, मैंने तो सिर्फ पहनी थी." सुदेश तेव्हा सात जणांच्या खोलीत राहत होता, म्हणून ती माझ्याकडे आली. ती रेवाला द्यावी. धुवू नये. तिच्यावर डाग नाही.

कलम ५. निनादच्या आईचा मोत्यांचा सर सुचित्राताईंना परत द्यावा. लग्नात तो देताना त्या म्हणाल्या होत्या, "जपून हं, तुमच्याकडे सवय नसेल." जपला आहे. एकही मोती सुटलेला नाही. रेवाने उन्हाळ्याची सुट्टी त्यांच्याकडे घालवावी, कारण त्यांचे तिच्यावर प्रेम आहे आणि त्या पुरणपोळी चांगली करतात. मात्र जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटे आधी काढावीत.

कलम ६. रेवा सज्ञान झाल्यावर तिला जिकडे जायचे असेल तिकडे जाऊ द्यावे. याबद्दल सुदेशला वेगळी सूचना देण्याची गरज नाही.

कलम ७. या मजकुराचे कायदेशीर भाषांतर सोबत जोडले आहे. दोहोंत फरक आढळल्यास मालमत्तेपुरते भाषांतर ग्राह्य धरावे. सुदेशबद्दल मात्र मराठीच ग्राह्य.

हे सर्व मी वाचून, तपासून, दोन साक्षीदारांसमोर सही करत आहे.

ठिकाण: शारजा
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५

सही: कावेरी निनाद बिवलकर

साक्षीदार १: दर्शना विलास मोहिते (सही)

साक्षीदार २: अन्वर हुसेन (सही). मराठी वाचता येत नाही. मजकूर हिंदीत समजावून सांगितला. कलम ४ दोनदा सांगावे लागले.

नियुक्त पालकाची संमती, स्वहस्ते:

मला मान्य आहे. पोरीच्या पुढे उभा राहीन. धरून ठेवणार नाही. पण कावे, तू ऑपरेशन करून ये. मला प्रमोशनची घाई नाही.
सुदेश दगडू साळवी