पाच मजली केक आणि मागचे दोन शॉकअप

एल आल्तो, रविवार दुपार

आदरणीय तेओदोसियोदादा आणि वहिनी,

धाकट्या हिलारियोनचा दोघांना वाकून नमस्कार. दादा, तुमचा गुडघा एव्हाना बरा झाला असेल अशी आशा आहे (झाला नसेल तर वहिनींचं ऐका आणि तो फुटबॉल सोडा, वय झालं). सांता क्रूसच्या उकाड्यात तुम्ही वितळत असाल. इथे सकाळी बादलीतलं पाणी फोडून घ्यावं लागतं. बाकी आमच्या सौ. प्रिमितिवाची कंबर, कुत्रं आणि घराचं छप्पर आपापल्या जागी आहेत, देवाची कृपा.

आता मुख्य बातमी आधीच सांगून टाकतो, कारण ती पोटात मावत नाही. केक उभा पोचला. पाचच्या पाच मजले, वरच्या साखरेच्या नवरानवरीसकट. नवरीच्या हातातला गुच्छसुद्धा हलला नाही.

कुठला केक म्हणाल, तर दानित्साच्या लग्नाचा. प्रिमितिवाच्या थोरल्या बहिणीची ही पोर, बाप लहानपणीच गेलेला. आपल्याकडे लग्नात एकेका वस्तूला एकेक मानकरी जोडपं लागतं, आणि खर्चही त्यांनीच करायचा, हे तुम्हाला मी काय सांगायचं. अंगठ्यांचं वेगळं, बँडचं वेगळं. बियरचा मान माझ्या मेहुण्याने, म्हणजे गुमेर्सिंदोने, कोणी विचारायच्या आत उचलला. आणि दानित्सा स्वतः आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, केक तुम्ही दोघं आणा." गेल्या वर्षीच्या बाप्तिस्म्यानंतर हे म्हणायला काळीज लागतं. त्या केकचं आपल्या व्हॅनमध्ये काय झालं ते तुमच्या कानावर आलंच असेल (चूक रस्त्याची होती, हे मी अजूनही म्हणतो). तेव्हापासून गुमेर्सिंदो मला चारचौघांत "लापशीवाले" म्हणतो. आता तर सगळ्या नातेवाइकांनी पोरीला बजावलं होतं की केक लापशीवाल्याकडे देऊ नकोस. तिने कोणाचं ऐकलं नाही. दादा, त्या पोरीचा केक फुटला असता तर मला पुन्हा तिच्यासमोर उभं राहता आलं नसतं.

तेव्हा मी व्हॅनच्या मागच्या कोपऱ्यावर बूड टेकलं आणि उठलो. धड गाडी एकदा वर येते आणि थांबते. आपली उठबशा काढत राहिली, मी चहा पिऊन आलो तरी तिचं चालूच (बरं, चहा अर्धाच होता). खाली वाकून बघतो तर दोन्ही शॉकअप तेलाने माखलेले, टायर पायऱ्यापायऱ्यांनी झिजलेले. गुमेर्सिंदो दारात येऊन म्हणाला, "खाणीच्या ट्रकचे कडक शॉकअप घाल, भाऊजी, आयुष्यभर बघायला नको." त्याने स्वतःच्या पिकअपला तसलेच घातलेत. पिकअपमधून उतरल्यावर तो चालतो कसा ते बघा, म्हणजे कळेल.

मी गुरुवारच्या बाजारात गेलो. पहिल्या दुकानदाराने मला चकचकीत काळी जोडी दाखवली. मी दांडा दाबला, तर तो काही कुरकुर न करता खाली गेला. जुनेच शॉकअप, वर रंग. मी म्हटलं, "बाबा, याला रंग नको, मूठमाती दे," आणि पुढे निघालो. मग कासिमिराबाई भेटली. शॉकअपच्या ढिगात घागरा पसरून बसलेली, हातात बटाट्याच्या रश्श्याचं ताट, तोंडाचा पट्टा असा की गिऱ्हाईक आधी शिव्या खातं, मग माल घेतं.

"काय वाहतोस?"

"रोज माणसं. शनिवारी केक."

"केकसाठी मऊ देऊ, तर माणसं आपटतील. माणसांसाठी कडक देऊ, तर केक छताला चिकटेल. गाडीच्या मापाचे आहेत तेच घे, आणि शनिवारी मागे बटाट्याची पोती टाक, म्हणजे गाडी दबून चालेल. दोन्ही बदल, एक बदलशील तर गाडी तुझ्यासारखी लंगडेल."

मी लंगडत नाही, दादा. पण जोडी घेतली.

बसवण्याचं काम मी स्वतः केलं, आमच्याच दारात. जुने नट गंजून गाडीचे जावई झालेले, निघायला तयार नाहीत. रॉकेल पाजलं, हातोडा मारला, शेवटी पान्ह्याला लांब पाइप लावला आणि त्यावर प्रिमितिवा बसली, तेव्हा नटाने हार मानली (तिचं वजन लिहू नका असं ती म्हणते, म्हणून लिहीत नाही). नवे शॉकअप उभे धरून आधी खालीवर केले, आतली हवा काढली, आणि खालचे नट गाडी चाकांवर उतरवून मगच आवळले. काम असं झालं की शेजारी बघायला आले.

शनिवारी सकाळी केक चढवला, पोती लावली, आणि निघण्याआधी रिवाजाप्रमाणे बियर शिंपडायला घेतली. पहिला घोट धरतीआईला, मग चाकांना, मग बॉनेटला. पण मी म्हटलं, आज सगळी भिस्त मागच्या शॉकअपवर, आणि मान बॉनेटला, हा कुठला न्याय? आडवा झालो, गाडीखाली शिरलो आणि दोघांना बाटली रिकामी होईपर्यंत पाजली.

डांबरी रस्ता संपला आणि सरोवराकडे जाणारा कच्चा रस्ता लागला, तिथे सगळ्या गाड्या थांबल्या. गुमेर्सिंदो न सांगता माझ्या व्हॅनखाली वाकला आणि ओरडून सगळ्या वऱ्हाडाला म्हणाला, "दोन्ही गळतायत. लापशीवाल्याला बाजारात पुन्हा गंडवलं." मी वाकून पाहिलं. दोन्ही शॉकअप ओले, त्यावर धुळीचा चिखल. दानित्साच्या मामेभावांनी केक उचलून गुमेर्सिंदोच्या पिकअपमध्ये ठेवायला हात पुढे केले. दानित्सा नवरीच्या पोशाखात गाडीतून उतरली आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात प्रिमितिवा घागरा सावरत खाली वाकली, शॉकअपवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि बोट सरळ तोंडात घातलं. मग उठून शांतपणे भावाला म्हणाली, "बियर आहे. तीही तुझीच, पाणचट." आणि केकला लागलेले हात एकेक करून झटकले.

पुढचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. ओढ्याच्या उतारावर मी श्वास धरला, व्हॅन एकदा खाली गेली, एकदा वर आली आणि थांबली. लग्नघराच्या दारात केक उतरवला तेव्हा दानित्सा माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, "मला माहीत होतं, काका." मीही रडलो, लपवत नाही. आणि गुमेर्सिंदोच्या बियरची गोष्ट सांगायची तर खाणीच्या शॉकअपांनी ती अशी घुसळली होती की पहिलीच बाटली उघडल्यावर नवरीची सासू भिजली, दुसरीला पाद्री. सगळी बियर पेल्यांत जायच्या आधी भिंतींवर गेली. आता त्याचं नाव "फेसवाले" पडलंय. मी पाडलं नाही. मी फक्त पहिल्यांदा म्हणालो.

तुमचाच,
हिलारियोन

ता. क. प्रिमितिवा म्हणते, ती सबंध कच्चा रस्ता मागे पोत्यांवर बसून केकचा पाट दोन्ही हातांनी धरून होती हेही लिहा. लिहिलं.

ता. क. २. केक आणि पोती उतरवून रिकामी व्हॅन बाजूला लावायला नेली, तेव्हा कळलं की आता पुढची बाजू उठबशा काढते. मागचे बरे झाले म्हणून पुढच्यांचं दुखणं दिसलं. पण काळजी नसावी, पुढच्या शॉकअपना मानकरी मिळाले आहेत. काल रात्री लग्नातच माइकवरून तुमचं आणि वहिनींचं नाव पुकारलं, बँडने सलामी दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तुमच्या वतीने मान मी स्वीकारला. मान जोडीनेच घ्यायचा असतो आणि शॉकअपही जोडीनेच बदलायचे असतात, म्हणून डावा तुमचा आणि उजवा वहिनींचा. बियर मी घालीन.