हवेत अडकलेला बाहुला

बाबा, करंजाडेच्या फ्लॅटमधल्या छोट्या खोलीत मी तीन दिवस स्वतःला कोंडून घेतलंय. खिडक्यांना काळा कागद, पंखा बंद, कारण टेबलावर सांधे वळणारा वीतभर बाहुला तारेवर उलटा लटकतोय आणि त्याला धक्का लागून चालणार नाही. केसभर हलवायचा, फोटो काढायचा, परत हलवायचा. असे फोटो भराभर पळवले की तो मल्लखांबावरून कोलांटी मारून उतरताना दिसायला हवा. मल्लखांब म्हणजे आमच्या घरचं लाटणं. वर झकास गेला, उतरताना मात्र प्रत्येक वेळी सिमेंटच्या गोणीसारखा आदळतो. बाहेरून बायको विचारते, "लाटणं कधी मिळणार? तीन दिवस नुसता भात चाललाय." जीव नकोसा झालाय आणि सोडूनही जाता येत नाही.

तुम्ही हसला असतात. आठवतं? मी अकरा वर्षांचा, गावच्या देवळामागे तुमच्या मल्लखांबाच्या टोकावर अडकलोय. सगळ्या गावाला शिकवणाऱ्या माणसाचा पोरगा, म्हणून खाली पोरं फिदीफिदी हसतायत. "मी धरनार नाय," तुम्ही म्हणता. "सोड आनि मार उडी." मी सोडलं नाही. खांबाला मिठी मारून घसरत आलो, मांड्या सोलवटल्या, आणि पुन्हा तिकडे फिरकलो नाही. त्याच आठवड्यात तुम्ही पनवेलच्या बाजारातून हा बाहुला आणलात. "घे, याला पडायची भीती नाय." तो टोमणा मी तुम्ही गेल्यावरही मनात धरून ठेवला. सांधे तेवढे नंतर बदलले, बाहुला तोच आहे.

आज खांबाखाली दुसरा बाहुला उभा केला, शिकवणारा म्हणून. ताठ ठेवला तर निर्जीव दिसत होता. वैतागून त्याचे गुडघे जरासे वाकवले, हात अंगापासून थोडे सुटे केले, आणि मागे सरून पाहिलं. ते तुम्ही होतात. तोंडाने काहीही म्हणो, झेलायला तयार असलेला माणूसच असा उभा राहतो. इतकी वर्षं मी उगाच रागावलो, असं वाटून खूप रडलो.

आता वरच्याला खाली आणायला हवं, पण हात पुढे होत नाही. कारण त्या दिवशी तुम्ही खरंच असे उभे होतात का, हे मला ठाऊक नाही, बाबा. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते.