कर्नाळ्याच्या चढावर मी

३ ऑक्टोबर २०१४, दसरा
सायकल आली! खरी रेसिंगची. टायर इतके बारीक की दुकानदाराने फसवलं असं आमच्या सौ. सुनंदाला वाटतंय. पार्किंगमध्ये हार घातला, कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू चिरडलं. आजपासून आपण खेळाडू.
डिसेंबरात रोड रेस आहे. करंजाड्याहून निघायचं, कर्नाळ्याचा चढ चढून परत करंजाड्याला. चाळिशीपुढच्या हौशी गटात नाव दिलं.
आभाला सांगितलं, तर म्हणते, गिटारसारखंच ना बाबा? आठवीतल्या मुलीने बापाला असं बोलावं? गिटारवर सध्या टॉवेल वाळतात हे खरं, पण तो मास्तरच धड नव्हता. ठीक आहे. आपला बाप हातात घेतलेलं तडीस नेतो, हे या वेळी पोरीला दाखवायचंच. नंबर आला नाही तरी चालेल. पण रेस पूर्ण करायची म्हणजे करायची.

५ ऑक्टोबर, पहाटे पावणेपाच
उठलो!

५ ऑक्टोबर, सकाळी नऊ
परत झोपलो होतो. विश्रांती हाही ट्रेनिंगचाच भाग आहे, नेटवर स्पष्ट लिहिलंय.

९ ऑक्टोबर
सायकलिंगची चड्डी आली. आत गादी आहे. लिफ्टने जाऊ नका, लोक असतात, असं सुनंदाने बजावलं. जिन्याने उतरलो. पाचव्या मजल्यावरून उतरण्यातच वॉर्मअप झाला, म्हणून पळस्प्यापर्यंत जायचा बेत रद्द करून स्टेशनपर्यंत जाऊन आलो. ओव्हरट्रेनिंग वाईट.

१२ ऑक्टोबर
रेसमध्ये खरा शत्रू म्हणजे वजन. घंटी, स्टँड, दुकानदाराने फुकट लावलेलं कॅरियर, सगळं काढून टाकलं. सायकल एकदम हलकी! माझंही वजन कमी करायचंय, ते टप्प्याटप्प्याने.
स्टँड नसल्याने सायकल हॉलच्या भिंतीला टेकवली. भिंतीवर काळा पट्टा उठला. सुनंदाने ओलं फडकं माझ्या हातात दिलं.

१९ ऑक्टोबर
उरण नाक्यापर्यंत राइड. तिथे रंभाताई मासळी घेऊन बसतात. सायकल बघून त्या म्हणाल्या, दादा, नवी सायकल आन कॅरियर नाय, म्हावरा ठेवनार कुटं? त्यांना एरोडायनॅमिक्स काय सांगणार! दोन पापलेटं हँडलला लटकवून आणली. प्रोटीन. दर रविवारी हाच रूट ठेवावा म्हणतो.

२५ ऑक्टोबर, भाऊबीज
चकल्या, करंज्या, पुन्हा चकल्या. याला कार्ब लोडिंग म्हणतात. रेस डिसेंबरात असली म्हणून काय झालं, साठा आत्तापासून हवा.

१६ नोव्हेंबर
कर्नाळ्याला निघालो होतो, पण वारा समोरून. पळस्प्याच्या पुढे वडापाव घेतला आणि चढ लांबूनच पाहिला. काही विशेष नाही. तो रेसच्या दिवसासाठी राखून ठेवला.
चढ झाला का, असं आभाने विचारलं. म्हटलं, जवळपास. ती हसली. हसू दे.

७ डिसेंबर
सोसायटीचे सेक्रेटरी विश्वजीत फ्लेक्स लावणार म्हणाले. रेस रविवारची आणि फ्लेक्सवाला रविवारी बंद, त्यामुळे छपाई आधीच करावी लागणार. "यशस्वी कामगिरीबद्दल हार्दिक अभिनंदन!" मजकूर मीच दिला. विश्वजीतना शुद्धलेखन जमत नाही, माणसाने दुसऱ्यावर किती टाकायचं? कमिटीचे फोटो माझ्या फोटोपेक्षा मोठे आहेत. असो.

१३ डिसेंबर
फ्लेक्स गेटवर लागला. आभाने वाचला आणि विचारलं, रेस उद्या आहे ना? मी म्हटलं, या फॉर्मॅलिटीज आधीच उरकाव्या लागतात.
करंजाड्याला येऊ नका, गेटवरच थांबा, असं दोघींना सांगून टाकलं. उगाच उन्हात ताटकळत कशाला! फोनही घरीच ठेवणार. वजन.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
सुरुवात अप्रतिम. पहिल्या वळणापर्यंत मी पुढच्या घोळक्यात होतो. मग घोळका पुढे गेला. पळस्प्यापर्यंत एक आजोबा सोबतीला होते. मग तेही गेले.
कर्नाळ्याचा चढ जवळून वेगळाच दिसतो. अर्ध्यावर उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. माकडं कठड्यावर बसून बघत होती. तेवढ्यात मागून टेम्पो आला. मागे पडलेल्यांना तो उचलतो. ड्रायव्हर तुळशीराम म्हणाला, टायम संपला सायेब, बसा, त्यात काय हाय! मी बाणेदारपणे नाही म्हटलं. पुढच्या वळणावर बसलो.
त्याला वाटेतले रेसचे बोर्ड गोळा करायचे होते. मला त्याने आधी नवीन पनवेलला, सोसायटीच्या अलीकडच्या कोपऱ्यावर सोडलं. मीच तसं सांगितलं होतं. तोंडावर पाणी मारलं, हेल्मेट घट्ट केलं आणि जोरात पेडल मारत गेटमधून आत शिरलो.
फटाके! विश्वजीतनी हार घातला, खालच्या काकूंनी ओवाळलं. कितवा नंबर, असं कोणीतरी विचारलं. म्हटलं, नंबर गौण असतो. लोकांना ते फारच आवडलं.
गर्दीत सुनंदा आणि आभा कुठे दिसेनात. वर गेलो तर दाराला कुलूप. शेजारचे म्हणाले, त्या सकाळीच रिक्षाने करंजाड्याला गेल्या, बाबांना शेवटच्या रेषेवर गाठून चकित करायचं असा आभाचा हट्ट होता. आत माझा फोन वाजत होता. वाजून बंद व्हायचा, पुन्हा वाजायचा. मी गळ्यात हार आणि गादीवाली चड्डी अशा अवतारात जिन्यात बसून राहिलो.
दुपारी दोघी आल्या. सुनंदाने सगळं सांगितलं. मांडव उतरला, खुर्च्या उचलल्या, तरी आभा तिथल्या लोकांना थांबवत होती, माझे बाबा अजून यायचेत म्हणून. शेवटी तुळशीरामचा टेम्पो पोहोचला, तेव्हा कळलं.
आभाने हाराकडे पाहिलं आणि आत गेली. गिटारवरून काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं. फार लाज वाटली.

१५ डिसेंबर
घरात रेसचं मेडल आहे. शेवटपर्यंत कोणी थांबलं नाही, ही मुलगी थांबली, म्हणून आयोजकांनी उरलेल्यांतलं एक आभाच्या गळ्यात घातलं. तिने ते अभ्यासाच्या टेबलाशी टांगलंय.
ऑफिसला निघताना गेटवर विश्वजीत भेटले. मेडल बघायला कधी येऊ, विचारत होते.
म्हटलं, आभाला विचारून सांगतो.