काचेजवळची जागा

प्रिय बाबा,

शनिवारच्या फायनलच्या जागा या वेळी मी निवडाव्यात असं तुम्ही म्हणालात, आणि मला हसू आलं. बर्फावरची हॉकी बघावी ती मधल्या रेषेसमोर, दहा-बारा रांगा वर बसून, हे जन्मभर तुमच्याकडून ऐकत आले. आणि मी कायम खाली कोपऱ्यात, मैदानाभोवतीच्या काचेला नाक लावून. तिथून खेळ दिसत नाही, नुसती धडाधड ऐकू येते, असं तुम्ही चिडवायचात. खरं आहे. पण तिथून आपलं पोर दिसतं.

गेल्या शनिवारी दिसलं, आणि तेव्हापासून मला धड झोप नाही. पहिल्याच सत्रात दानिलोला कोणीतरी माझ्यासमोर कडेच्या फळीवर आपटलं. त्याचं डोकं काचेवर आदळलं ते माझ्या तळव्यांना जाणवलं. तो उठला, हसला, लोकांनी काच बडवली, खेळ पुढे चालू. थोड्या वेळाने बदलीसाठी बाहेर येताना तो सरळ विरुद्ध संघाच्या बाकाकडे गेला आणि त्यांचं दार उघडू लागला. ती मुलं खो खो हसली. सगळ्यांना वाटलं, ऑरेस्टचा, म्हणजे तुमचाच नातू, वात्रटपणा करतोय. तुम्ही वर बसला असतात तर तुम्हीही हसला असतात. त्यांचा बाक माझ्याच बाजूला होता, मी त्याचा चेहरा पाहिला. आपला बाक कुठला हे त्याला खरंच कळत नव्हतं.

घरी आल्यावर दिवा डोळ्यांना खुपतो म्हणाला. ताटातली पिरोगी तशीच टाकून उठला आणि ओकला. परवा शाळेतून येताना रस्ता चुकला, सतरा वर्षांचा घोडा, याच गावात वाढलेला. डॉक्टरकडे चल म्हटलं तर माझे दोन्ही हात धरले.

"आई, फायनल होऊ दे. मोठ्या संघाची माणसं मला बघायला येणार आहेत. आत्ता बोललीस तर सगळं संपलं."

त्याला जराही भीती वाटत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. पुन्हा एकदा डोकं आदळलं तर तो उठेल का, एवढंच डोक्यात फिरतं. स्वयंपाकघरात झाकण पडलं तरी धावत त्याला बघायला जाते.

आज सकाळी मी कोचना सगळं सांगून टाकलं. शनिवारी तो खेळणार नाही. उद्या त्याला डॉक्टरकडे नेते आहे, ओढत न्यावं लागलं तरी. त्याला अजून काही माहीत नाही. फोनवर त्याच्या कानावर पडेल म्हणून हे पत्र दुपारच्या बसने पाठवते आहे. सामन्याच्या दिवशी तो घरी थांबणार नाही, हे तुम्हीही जाणता. काचेजवळ मी त्याला बसवणार नाही. संघाच्या बाकामागे तर नाहीच, पोरांना बघून उडी मारेल. म्हणून तुमच्याच लाडक्या जागा घेतल्या, वर, मधल्या रेषेसमोर, तीन. मधली त्याची. माझ्याशी तो बोलणार नाही, कदाचित पुढे कधीच नाही. पण तुम्ही शेजारी असलात तर बसून राहील. शुक्रवारीच या, बाबा.

तुमचीच, घाबरलेली
लारिसा